वाचकांचे प्रश्न : लहान होडी, खोल पाणी आणि लेक ट्राउट

गोड्या पाण्यातील मासेमारीविषयी आम्ही प्रश्न मागवले, तेव्हा कॅनडातील ओंटारिओ प्रांत आणि अमेरिकेतील मिशिगन येथील मराठी वाचकांची बरीच पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा विषय एकच निघाला : लहान होडीत बसून, जिग (शिशाचे वजन बसवलेला गळ) सरळ खाली सोडून लेक ट्राउट कसा धरावा. त्यामुळे या वेळचे सदर पूर्णपणे या माशालाच दिले आहे.

प्रश्न : आम्ही लेक सिम्कोवर १४ फुटी अ‍ॅल्युमिनियमच्या होडीतून जातो. काठालगत बास माशासाठी गळ फेकण्याचा चांगला सराव आहे, पण लेक ट्राउटचा ठावठिकाणा काही केल्या लागत नाही. होडी कोठे न्यावी आणि किती खोलीवर थांबवावी?
— एक वाचक, बॅरी

उत्तर : बास शोधताना आपण आडोसा शोधतो, म्हणजे झुडूप, बुडालेले लाकूड, धक्क्याची सावली. लेक ट्राउटच्या बाबतीत आडोशाआधी पाण्याचे तापमान शोधावे लागते. नावात ट्राउट असले तरी हा मासा ‘चार’ (char) या थंड पाण्यातल्या कुळातला आहे. गडद अंगावर फिकट ठिपके आणि खोल दुभंगलेली शेपटी ही त्याची ओळख. त्याला साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपासचे आणि भरपूर प्राणवायू असलेले पाणी मानवते, आणि वर्षभर तो अशाच पाण्याच्या मागे फिरत असतो.

वसंतात बर्फ वितळल्यावर काही आठवडे सारा तलाव थंडच असतो, त्यामुळे तेव्हा मासा काठाजवळ पाच-सहा मीटर पाण्यातही सापडतो. जूनपासून वरचे पाणी तापू लागते, तलावात उबदार आणि थंड असे दोन थर पडतात आणि मासा खालच्या थरात उतरतो. या दोन थरांमधली सीमा, म्हणजेच थर्मोक्लाइन, भर उन्हाळ्यात मोठ्या तलावात बहुधा १० ते २० मीटरच्या दरम्यान असते. मात्र ती एका जागी स्थिर नसते. दोन-तीन दिवस एकाच दिशेने जोराचा वारा वाहिला, तर वारा ज्या काठाकडे वाहतो तेथे उबदार पाणी साचते आणि तेथे सीमा खाली दबते, तर उलट बाजूच्या काठाशी ती वर येते. गेल्या रविवारी मासा मिळालेली जागा या रविवारी रिकामी का, याचे उत्तर अनेकदा मधल्या दिवसांतल्या वाऱ्यात असते. फिश फाइंडरची, म्हणजे ध्वनीच्या साहाय्याने पाण्याखालचे मासे आणि तळ पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची, संवेदनशीलता वाढवली की ही सीमा पडद्यावर धूसर, रवाळ पट्ट्यासारखी दिसते. आणि नाहीच दिसली, तर दोरीला थर्मामीटर बांधून खाली सोडणे हा जुना उपाय आजही चोख आहे.

ही सीमा कळली की तिच्या खालचे थंड पाणी तळाला कोठे भिडते ते पाहावे. जेथे तळ एकदम खोल जातो, पाण्याखाली एखादा उंचवटा असतो किंवा जमिनीचे टोक पाण्यात पुढे घुसलेले असते, अशा ठिकाणी लेक ट्राउट सिस्को आणि स्मेल्ट या लहान माशांवर टपून असतो. आपल्या घराजवळचा केम्पनफेल्ट उपसागर हा सिम्कोचा सर्वांत खोल भाग असून तेथे पाणी ४१ मीटरपर्यंत जाते. तळ जेथे २० वरून ३० मीटरवर उतरतो, त्या कडेने होडी अगदी सावकाश चालवावी आणि तळालगत माशांच्या खुणा दिसेपर्यंत जिगला हातही लावू नये. दिवसभर गळ हलवून रिकाम्या हाती परतणारी बहुतेक मंडळी न पाहिलेल्या माशासाठी गळ हलवत असतात.

सिम्कोचा येथे आणखी एक विषय आहे. शेतांतून आणि गावांतून वाहत आलेल्या फॉस्फरसमुळे तलावात शेवाळ वाढले, ते तळाशी कुजू लागले, आणि ज्या खोल थंड पाण्यावर लेक ट्राउट जगतो त्यातलाच प्राणवायू कमी पडू लागला. नैसर्गिक वीण जवळजवळ थांबली आणि पिले सोडून हा मासा टिकवावा लागला. २००८ साली या तलावाच्या रक्षणासाठी ओंटारिओने स्वतंत्र कायदा केला आणि पुढच्या वर्षी आलेल्या योजनेत खोल पाण्यातल्या प्राणवायूचे लक्ष्य लिटरला ७ मिलिग्रॅम ठरवण्यात आले. आपण धरलेल्या माशाचा एखादा पर कापलेला दिसला तर तो सोडलेल्या पिलांपैकी समजावा. सगळे पर शाबूत असतील, तर तो बहुधा तलावातच जन्मलेला आहे, आणि असा मासा शक्यतो परत सोडावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : फिश फाइंडरवर मासा जिगच्या मागे येताना स्पष्ट दिसतो, अगदी जिगला टेकतो, आणि खाली निघून जातो. असे वारंवार होते. आमचे काय चुकते? साहित्यही कळवावे.
— एक वाचक, मिसिसागा

उत्तर : आधी साहित्याचे, कारण ते थोडक्यात सांगता येते. साडेसहा ते सात फुटांचा, टोकाशी चपळ पण बुंध्याशी दमदार रॉड. १० ते १५ पौंडांचा ताण पेलणारी ब्रेडेड (विणलेली) दोरी, कारण ती ताणली जात नाही आणि ३० मीटर खालचा स्पर्शही हाताला कळवते. आणि तिच्या पुढे तीन-चार मीटर फ्लुरोकार्बनची पारदर्शक दोरी, कारण स्वच्छ पाण्यात ब्रेडेड दोरी माशाला दिसते. २० ते ३० मीटर पाण्यात २१ ते २८ ग्रॅमचे शिसे आणि त्यावर दहा सेंटिमीटरची पांढरी रबरी ट्यूब, एवढ्यावर हंगाम निघतो. लेक ओंटारिओमध्ये तळाशी गोबी हा लहान मासा भरपूर आहे, तेथे तपकिरी किंवा हिरवट ट्यूबही जवळ ठेवावी. मोठी रंगीबेरंगी पेटी भरण्यापेक्षा एकाच जिगची वेगवेगळी वजने बाळगणे अधिक उपयोगाचे आहे, असे माझे मत आहे.

आता मूळ प्रश्न. पडद्यावर काय चालले आहे ते नीट पाहावे. खाली तळाची जाड रेघ असते. आपण जिग सोडली की एक बारीक तिरकी रेघ वरून खाली उतरू लागते. जिग तळाला टेकली की ती रेघ तळात मिसळते. आपण जिग उचलतो तेव्हा ती पुन्हा वेगळी होते. अशा वेळी तळाच्या रेघेतून दुसरी, जरा जाड रेघ सुटते आणि वर चढू लागते. हाच तो मासा. आपण नेमके याच क्षणी थांबतो, कारण मासा जवळ आला आहे, त्याला घास घेऊ द्यावा, असे मनात येते. बाससाठी हे कदाचित चालेल. लेक ट्राउट मात्र पळणाऱ्या भक्ष्याचा पाठलाग करणारा मासा आहे, आणि त्याच्या तोंडाशी येऊन स्वस्थ उभा राहणारा सिस्को त्याने कधी पाहिलेला नसतो. जाड रेघ चढू लागली की रीळ फिरवायला सुरुवात करावी, आणि ती जवळ येऊ लागली की वेग कमी करण्याऐवजी वाढवावा. मासा पाच, दहा, कधी वीस मीटर वर चढतो आणि मग रॉड अचानक वाकतो. काही वेळा तर तो होडीच्या अगदी खाली येऊन जिग धरतो, म्हणून शेवटच्या दोन मीटरपर्यंत रीळ थांबवू नये.

मासा मध्येच कंटाळून खाली वळला, तर रीळ मोकळे करून जिग त्याच्या पुढून खाली पडू द्यावी. घायाळ होऊन बुडणारा मासा समजून तो पुष्कळदा याच वेळी ती धरतो. हा घास हाताला झटका म्हणून जाणवत नाही. खाली जाणारी दोरी वेळेआधीच ढिली पडते, एवढीच खूण असते. जिग तळाला पोहोचायला अजून अवकाश आहे आणि दोरी थांबली, तर विचार न करता रीळ बंद करावे, ढील गोळा करावी आणि रॉड लांब, सलग ओढीने वर घ्यावा. जोराचा हिसका देण्याची गरज नाही; ब्रेडेड दोरीवर त्याने तोंड फाटते. एकदा मासा लागला की दोरी क्षणभरही ढिली पडू देऊ नये. लेक ट्राउट डोके झटकत आणि अंगाभोवती दोरी गुंडाळत वर येतो, आणि ढील मिळाली की जिगच्याच वजनाने गळ निसटतो.

पडद्यावर मासा दिसतो पण जिगच दिसत नाही, असेही काही जणांनी लिहिले आहे. त्याचे उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

प्रश्न : वारा जरा वाढला की होडी वाहते, दोरी तिरकी होते आणि जिग तळाला लागल्याचे कळत नाही. नांगर टाकावा का?
— एक वाचक, किंग्स्टन

उत्तर : माझ्या मते या साऱ्या मासेमारीचे मर्म आपल्या प्रश्नात आहे. जिग हाताने हलते, परंतु ती माशासमोर राहते की नाही हे होडीवर ठरते, आणि दोरी उभी नसेल तर बाकीचे सारे कौशल्य वाया जाते.

थोडा हिशेब मांडून पाहू. सामान्य फिश फाइंडरचा ध्वनी सुमारे २० अंशांच्या शंकूत खाली जातो. ३० मीटर खोलीवर या शंकूचा व्यास साधारण साडेदहा मीटर होतो, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत पाच मीटरांहून थोडेच अधिक. आता दोरी उभ्या रेषेपासून अवघी १० अंश कलली, तर तेवढ्याच खोलीवर जिग पाच मीटरांहून अधिक बाजूला गेलेली असते, म्हणजे ती शंकूच्या कडेला पोहोचली. २० अंश कलली तर जवळजवळ अकरा मीटर दूर, पडद्याच्या पूर्णपणे बाहेर. आपण मग पडद्यावर एक मासा पाहत असतो आणि जिग भलत्याच जागी हलवत असतो. याच कारणासाठी फिश फाइंडरचा संवेदक आणि आपली बसण्याची जागा एकमेकांजवळ असावी.

नांगर या कामी उपयोगी नाही. तो नीट धरण्यासाठी खोलीच्या पाचपट ते सातपट दोर लागतो. ३० मीटर पाण्यात तो दीडशे मीटरच्या पुढे जातो, आणि एवढे करूनही मासा दोन होड्यांइतका सरकला की आपण जागच्या जागी अडकतो. पुढच्या टोकावर बसवलेली, जीपीएसवर जागा धरून ठेवणारी विजेची मोटर हा सर्वांत चांगला उपाय आहे, पण ती महाग आहे. त्याखालोखाल उपयोगी ठरते ते ड्रिफ्ट सॉक, म्हणजे पाण्यात ओढली जाणारी कापडी पिशवी. ती होडीचा वाहण्याचा वेग निम्म्यावर आणू शकते. ती होडीच्या पुढच्या टोकाला बांधावी. मागे बांधली तर लाटा मागच्या बुटक्या फळीवरून आत येतात, आणि लहान होडीत तेवढे पाणी पुरेसे घातक ठरते.

दोन्ही साधने नसतील, तर होडीचे तोंड वाऱ्याकडे ठेवून इंजिन अगदी मंद गतीने पुढच्या गिअरमध्ये अधूनमधून टाकावे, जेणेकरून वारा जेवढे मागे लोटतो तेवढेच आपण पुढे येऊ. एकाने होडी सांभाळावी आणि दुसऱ्याने जिग, ही वाटणी सर्वांत सोयीची. तरीही दोरी कलत असेल तर जड जिग लावावी. ४० ते ५० ग्रॅमपर्यंत जायला हरकत नाही. त्यानेही ती उभी राहत नसेल, तर त्या दिवशी चौदा फुटी होडीने खोल पाण्यात असू नये, असे खुशाल समजावे.

प्रश्न : माझे यजमान एप्रिलच्या अखेरीस पहाटे एकटेच होडी घेऊन निघतात. लाइफ जॅकेट होडीत असते, पण अंगावर नसते. पोहायला उत्तम येते, असे ते म्हणतात. मी उगाच काळजी करते आहे का?
— एक वाचिका, ओवेन साउंड

उत्तर : ताई, आपली काळजी मुळीच उगाच नाही, आणि हे उत्तर त्यांना वाचून दाखवावे.

एप्रिलमध्ये आपल्याकडच्या जॉर्जियन बेचे (लेक ह्युरनच्या मोठ्या उपसागराचे) पाणी गोठणबिंदूच्या थोडेच वर असते. मानिटोबा विद्यापीठातील प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी अशा पाण्यात माणसाच्या शरीराचे काय होते याचा प्रदीर्घ अभ्यास केला आहे, आणि त्यांनी रूढ केलेले १–१०–१ हे सूत्र प्रत्येक होडीवाल्याला पाठ असावे. पाण्यात पडल्यावर पहिले १ मिनिट श्वासावर ताबा राहत नाही. माणूस आपोआप मोठ्याने श्वास ओढतो, आणि त्या वेळी डोके पाण्याखाली असेल तर तेथेच सारे संपते. पुढची सुमारे १० मिनिटे हातपाय उपयोगी हालचाल करू शकतात. नंतर बोटे आणि दंड निकामी होतात. शरीर गारठून शुद्ध हरपायला मात्र सुमारे १ तास लागतो. याचा अर्थ असा, की उत्तम पोहणारा माणूसही गारठून जाण्याच्या कितीतरी आधी, हात चालेनासे झाल्यामुळे बुडतो. तो तासभर उपयोगी पडावा यासाठी लाइफ जॅकेट अंगावर असावे लागते. होडीत पडलेले जॅकेट पाण्यात पोहता पोहता घालता येत नाही.

त्यांनी आणखी तीन गोष्टी कराव्यात : इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवावी, शिट्टी आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीतला फोन अंगावर बाळगावा, आणि परतण्याची वेळ आपल्याला सांगून जावे. मोठा मासा हातजाळीत घेताना एकटा माणूस होडीच्या एकाच बाजूला झुकतो, आणि लहान होडीत बरेच लोक याच वेळी तोल जाऊन पाण्यात पडतात. मासा बसूनच जाळीत घ्यावा. तो सुटला तरी चालेल.

प्रश्न : मासा वर ओढताना पाण्यावर बुडबुडे येतात. तो मरतो का? सोडून दिला तर जगतो का?
— एक वाचक, सडबरी

उत्तर : बुडबुडे ही चांगली खूण आहे. लेक ट्राउटच्या हवेच्या पिशवीपासून अन्ननलिकेपर्यंत एक नळी असते, त्यामुळे वर येताना फुगणारी हवा तो तोंडावाटे बाहेर टाकू शकतो. बास, वॉलआय किंवा पर्च यांना अशी सोय नसते, म्हणून खोलातून आणलेले ते मासे फुगून पाण्यावर तरंगत राहतात. लेक ट्राउटला खरा धोका उन्हाळ्यातल्या वरच्या पाण्याचा असतो. १० अंशांतला मासा २२ अंशांच्या पाण्यात आणून त्याचे फोटो काढत बसले तर तो तग धरत नाही. गळ एकेरी आणि काट्याविना असावा, हात ओले करावेत, मासा रबरी जाळीत पाण्यातच ठेवून गळ काढावा आणि डोके खाली करून त्याला लगेच सोडावे. ऑगस्टमध्ये, ठेवण्यापुरते मासे मिळाले की जिग गुंडाळून घ्यावी. केवळ गंमत म्हणून धरून सोडण्याचा तो महिना नाही.

या माशाबाबत मी इतका आग्रह धरतो याला कारण आहे. तो अतिशय सावकाश वाढतो, पुष्कळ ठिकाणी अंडी घालण्याजोगा व्हायला त्याला सहा-सात वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि उत्तरेच्या थंड तलावांत तो कित्येक दशके जगतो. होडीशेजारी आलेला मोठा मासा आपल्या घरातल्या मुलांपेक्षा वयाने मोठा असू शकतो.

प्रश्न : लेक ओंटारिओत धरलेल्या एका माशाच्या कुशीवर रुपयाएवढी गोल जखम होती. हा कसला रोग?
— एक वाचक, ओशावा

उत्तर : हा रोग नव्हे, ती सी लँप्रेची खूण आहे. हा समुद्रातून आलेला, जबडा नसलेला, वाटोळ्या दातेरी तोंडाचा परजीवी जीव माशाला चिकटून त्याचे रक्त शोषतो. नायगरा धबधब्यामुळे तो लेक ओंटारिओच्या वरच्या अंगाला असलेल्या ग्रेट लेक्समध्ये जाऊ शकत नव्हता. धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्याने ती वाट मोकळी झाली. १९२१ मध्ये तो लेक ईरीत आढळला आणि १९३८ पर्यंत लेक सुपीरिअरमध्ये पोहोचला. बेसुमार मासेमारीने आधीच खिळखिळ्या झालेल्या लेक ट्राउटवर हा दुसरा घाला होता, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लेक ओंटारिओतला मूळ लेक ट्राउट नाहीसा झाला. आज आपण तेथे धरतो ते मासे पिले सोडून पुन्हा वसवलेल्या साठ्यातले आहेत.

१९५५ मध्ये कॅनडा आणि अमेरिका यांचा संयुक्त ग्रेट लेक्स फिशरी कमिशन स्थापन झाला. हजारो रसायने तपासल्यानंतर टीएफएम हे एक असे सापडले, की जे ओढ्यांच्या चिखलात राहणारी लँप्रेची पिले मारते आणि योग्य मात्रेत इतर माशांना बहुतांशी सोडून देते. तेव्हापासून हे काम अखंड करावे लागते. २०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे ते मंदावले, तर लँप्रे लगेच वाढले. जखमी मासा भरली जखम घेऊनही जगू शकतो, आणि मांस खाण्यास त्या खुणेमुळे काही बाधा येत नाही.

प्रश्न : लेक ट्राउटचे कालवण कोकम घालून करते, पण फार तेलकट लागते. हा मासा मुलांना द्यावा का?
— एक वाचिका, मार्केट, मिशिगन

उत्तर : आपल्याकडे लेक सुपीरिअरचा मासा येत असणार. तेथे खोल पाण्यात सिस्कोवेट नावाचा लेक ट्राउटचा अतिशय चरबीदार प्रकार राहतो. तो कालवणात घातला की तेलाचा तवंग येणारच. उथळ भागातला सडपातळ लेक ट्राउट कालवणाला बरा. चरबीदार मासा मीठ-हळद-तिखट लावून जाळीवर भाजावा, म्हणजे चरबी गळून जाते.

मुलांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. पीसीबीसारखी रसायने चरबीत साठतात, म्हणून कातडी, पोटाची पट्टी आणि पाठीवरची चरबी काढून टाकावी. निथळलेली चरबी रश्शात वापरू नये. पारा मांसातच असतो, तो कापून किंवा शिजवून जात नाही. मासा जितका मोठा आणि वयस्क, तितके हे दोन्ही अधिक, त्यामुळे घरच्या जेवणासाठी लहान मासा ठेवावा आणि मोठा सोडावा. मिशिगनचे आरोग्य खाते तलावानुसार आणि माशाच्या लांबीनुसार किती वेळा खावे याची पुस्तिका काढते. ओंटारिओतही तशीच मार्गदर्शिका मिळते. ओंटारिओच्या मार्गदर्शिकेत लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी दिलेला रकाना वेगळा आहे. आपल्या भागाची पुस्तिका पाहूनच ठरवावे.

प्रश्न : कोयनेच्या जलाशयात लेक ट्राउट सोडता येईल का?
— एक वाचक, पाटण

उत्तर : नाही. आपल्या धरणांच्या तळाचे पाणीही या माशाला हवे तितके थंड नसते, आणि परका मासा सोडल्याने काय होते ते वरच्या लँप्रेच्या उत्तरात आलेच आहे.

ओंटारिओतल्या वाचकांनी परवान्याबद्दलही विचारले आहे. तेथे मासेमारीच्या दृष्टीने प्रांताचे २० विभाग केले आहेत, आणि लेक ट्राउटचा हंगाम, संख्या आणि लांबीची मर्यादा प्रत्येक विभागात वेगळी असते. हा मासा शरदात खडकाळ उथळ भागात अंडी घालतो, म्हणून त्या काळात अनेक तलावांत तो धरण्यास बंदी असते. इंजिनाची होडी चालवण्यासाठी चालकाचे वेगळे कार्ड लागते. ते आणि मासेमारीचा परवाना, दोन्ही होडीत जवळ असू द्यावेत.